तीन वीत, चार बोटं

सावळजला उतरले तेव्हा साडेदहा.
पिशवीत कोरे फॉर्म, दोन निळी पेनं, भाकरी.
बेदाण्याच्या शेडवरून गंधकाचा वास येत होता.
इंदाक्काचं घर विचारलं तर पोस्टातला म्हणाला,
"ती पांगळी व्हय? सरळ जावा."
गावात तिचा पत्ता तिच्या पायांवरून होता.

वहिनीनं खुर्ची दिली, चहा दिला,
आणि उंबऱ्यात बसली लसूण सोलत.
प्रशिक्षणात सांगितलं होतं, मुलाखत एकांतात घ्यावी.
एकांत म्हणजे किती फूट, ते सांगितलं नव्हतं.

गेल्या बारा महिन्यांत कुणी मारलं का?
कधीच नाही, एकदा, काही वेळा, नेहमी.
"कदीच न्हाई."
कुणी जेवण, औषध अडवलं का?
"कदीच न्हाई."
तुमची काठी, कुबडी, खुर्ची कुणी मुद्दाम
लसणाची साल वाजायची थांबली.
"कदीच न्हाई. लई जपत्यात."

अकरा प्रश्न, अकरा शून्यं.
बेरीज मला तोंडपाठ.
मागच्या पानावर छापलेलं : शून्य ते तीन, धोका नाही.

मग आतून दूध करपल्याचा वास आला
आणि वहिनी पळाली.

इंदाक्का माझ्याकडं बघतच नव्हती.
"ती कुबडी. त्या खिळ्याला. रातची तितं अडकिवत्यात.
मारत न्हाई कोन, देवाशपत.
मारायला लागतच न्हाई, बाय.
लघवीला लागली की हाक मारायची.
आलं कोन तर आलं.
न्हाई आलं तर सकाळी बोलनी, वास मारतोय म्हनून.
आता सांजंपास्नं मी पानीच पीत न्हाई.
ह्येला तुमच्यात काय म्हंत्यात, एकदा का नेहमी?"

मी पेन धरून.

"मीबी बेदाणा निवडते शेडात, बसून.
हिरवा, पिवळा, काळा, तीन घमेली.
मजुरी भाऊ आणतो.
पन मधल्या रंगाचंच दानं लई येतंय.
मुकादम म्हंतो, टाक कुटंबी, हो मोकळी.
तसं टाका तुमीबी."

मग तिनं हात लांब केला, खाटेच्या कडेवरून,
कोपर थरथरेपर्यंत.
बोटं हवेत थांबली.
माझ्याकडं टेप नव्हता. मी उठले
आणि तिच्या नखापासून कुबडीपर्यंत वीत घातली.
एक. दोन. तीन.
उरलं त्यात चार बोटं आडवी बसली.
"तुमची वीत ल्हान हाय," ती म्हणाली,
"माझ्या वितीनं तीनच भरतंय."

तेव्हा दिसलं, खाली, गिलाव्यात, एक भोक.
"आदी खिळा तितं हुता," ती म्हणाली.
"माझा हात पुरायला लागला, तवा वर ठोकला."

मी कुबडी काढायला गेले.
"नगं," ती म्हणाली.
"तुमी जाशिला."

वहिनी आली पदराला हात पुसत.
निम्मं दूध गेलं म्हणाली, झालं का हो तुमचं?
एकच राहिलंय, म्हटलं.
तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?
इंदाक्का भिंतीकडं बघून म्हणाली,
"लई जपत्यात."

तासगावच्या एसटीत फॉर्म मांडीवर घेतला.
तळाशी चौकट होती, कार्यालयीन उपयोगासाठी,
येथे काही लिहू नये.
गाडी हादरत होती, अक्षर वाकडं आलं :
खाटेपासून कुबडी तीन वीत, चार बोटं (माझी वीत).
तिच्या वितीनं, तीन.
सांगलीत एंट्री करणारा पोरगा विचारील,
मॅडम, हे कुठल्या रकान्यात घेऊ?
मला माहीत नाही.
वळणावर पेन पुन्हा काढलं
आणि त्याखाली लिहिलं, बारीक,
जुन्या खिळ्याचं भोक, एक.